मेटल डिटेक्टर घेऊन पार्कात जायचंय? मग आधी हे वाचा

कानाला हेडफोन, हातात लांब दांड्याचं यंत्र आणि गवतावर झाडू मारल्यासारखी चाल. अशी माणसं तुम्ही इथे अमेरिकेतल्या पार्कात पाहिली असतील. तीन वर्षांपूर्वी मीही त्यांना बघून हसले होते. आता ओहायोत, डेटनच्या आसपासच्या पार्कांत, मीच तशी फिरते, आणि दर वेळी कोणीतरी थांबून विचारतंच: "अंगठी हरवली का?"

पैशाचा हिशेब आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. पहिल्या वर्षात मला चांदीची सात नाणी मिळाली. त्यांची किंमत यंत्राच्या निम्मीही भरली नसती. बाकी मिळालं ते सडक्या पेनी (एक सेंटची नाणी), बाटल्यांची बुचं आणि पेयांचे डबे उघडायचे एक घमेलंभर ॲल्युमिनियमचे टॅब. नवऱ्याचं म्हणणं असं, की घरच्या कुंड्यांची माती उकरायची म्हटली की हिची पाठ दुखते. खरं आहे. पण कुंडीत १९४४ सालचं नाणं निघत नाही.

मला हे सगळं चुका करत शिकावं लागलं. तुमच्या निदान अर्ध्या चुका वाचाव्यात म्हणून हा लेख.

१. यंत्राआधी परवानगी

सगळे उलटं करतात. मीही केलं. आधी यंत्र मागवलं, डबा उघडला, बॅटरी चार्ज केली आणि मग "इथे चालतं का हो?" म्हणून शोधायला बसले.

"पार्क सार्वजनिक आहे, म्हणजे सगळ्यांचा आहे" हा पहिला सापळा. पार्क कोणाच्या अखत्यारीत आहे, त्यावर सगळं ठरतं, आणि एकाच गावातल्या दोन पार्कांचे मालक वेगळे असू शकतात.

राष्ट्रीय उद्यानाचा विषयच नको. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या हद्दीत मेटल डिटेक्टर वापरणंच काय, हातात बाळगणंही नियमाबाहेर आहे. गाडीतून न्यायचा असेल तर सुटा करून, बांधून, वापरता येणार नाही असा ठेवलेला असला पाहिजे. राष्ट्रीय उद्यान म्हणजे डोंगरदऱ्या आणि अस्वलं असं आपल्या डोक्यात असतं. पण आमच्या डेटनमध्ये राईट बंधूंचं सायकलचं दुकान भर वस्तीत आहे, आणि ते १९९२ पासून एका राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहे. ज्या कुरणावर त्यांनी विमान वळवायला शिकून घेतलं, ते हफमन प्रेअरीही त्याच उद्यानात येतं. नुसतं गवत दिसतं म्हणून तिथे यंत्र चालू केलंत तर महागात पडेल. शिवाय १९७९ च्या कायद्यानुसार केंद्र सरकारच्या आणि मूळ अमेरिकनांच्या जमिनीवर १०० वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय खणून काढणं हा गुन्हा आहे.

राज्याच्या पार्कांचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे. कुठे फक्त पोहण्याच्या वाळूवर परवानगी, कुठे परवाना, कुठे साफ नाही. शेजारच्या राज्यातल्या मैत्रिणीने सांगितलं म्हणून आपल्याकडे तेच लागू होईल असं समजू नका.

नवशिक्यासाठी बरे ते शहराचे आणि काउंटीचे पार्क. शहराच्या वेबसाइटवर स्थानिक कायद्यांची संहिता असते, तिच्यात "मेटल डिटेक्टर" शोधा, आणि "खोदकाम", "हिरवळीचं नुकसान" हेही शोधा. कारण पुष्कळ ठिकाणी यंत्रावर बंदी नसते, पण जमिनीत काहीही खुपसायला असते. अशा ठिकाणी यंत्र घेऊन फिरायला कोणी अडवत नाही, फक्त वाजलेलं काढता येत नाही.

मग पार्क विभागाला ईमेल करा. फोन नको. मी फोन केला होता. पलीकडची बाई मोघम म्हणाली की काही हरकत नसावी, आणि दोन आठवड्यांनी मैदानावर आलेल्या माणसाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. लेखी असेल तर दाखवता येतं. ईमेलमध्ये चार गोष्टी लिहा: कुठल्या पार्कात आणि कधी जाणार, कुठलं हत्यार आणि किती इंच खोल, खड्डा पूर्ववत करून देणार, आणि निघालेला कचरा सोबत नेणार. हा शेवटचा मुद्दा त्यांना फार आवडतो.

ज्यांचं इथलं राहणं व्हिसावर आहे त्यांना वेगळं सांगायला नको. दहा सेंटच्या नाण्यापायी पोलिसाशी हुज्जत घालण्यात काही शहाणपण नाही.

सोबत ठेवायचे कागद:
- परवानगीच्या ईमेलची किंवा परवान्याची छापील प्रत
- स्थानिक नियमाचं संबंधित पान, छापलेलं
- फोटो असलेलं ओळखपत्र
- पार्कचा नकाशा, वर्ज्य भाग पेनाने खुणा करून

वर्ज्य भाग म्हणजे स्मारकं, फुलांचे वाफे, खेळाची राखलेली मैदानं. आमच्या भागात आणखी एक: मातीची टेकाडं. मायामिसबर्गच्या पार्कात ६५ फूट उंचीचं एक टेकाड आहे. ते अडीना या मूळ अमेरिकन संस्कृतीच्या लोकांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बांधलेलं दफनस्थान आहे. अशा जागेच्या आसपासही फिरकू नका. कायदा आहेच, पण ती कोणाची तरी स्मशानभूमी आहे.

२. पार्क निवडणं: घरी बसून करायचं काम

अमेरिकेत १९६४ पर्यंतच्या डाईम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि अर्ध्या डॉलरच्या नाण्यांमध्ये ९० टक्के चांदी असे. १९६५ पासून डाईम आणि क्वार्टरमधली चांदी गेली. म्हणून सगळा शोध एका प्रश्नापाशी येतो: १९६४ च्या आधी इथे माणसं कुठे बसत, लोळत, धावत होती? नाणं उभ्या माणसाच्या खिशातून क्वचितच पडतं. बसलेल्याच्या, उताणं पडलेल्याच्या आणि उतारावरून घसरणाऱ्या पोराच्या खिशातून पडतं.

त्यासाठी जुने नकाशे बघा. सॅनबॉर्न कंपनीने आगीच्या विम्यासाठी गावोगावचे नकाशे काढले होते, अगदी घराच्या भिंती विटांच्या की लाकडाच्या इतक्या तपशिलाने. त्यांतले हजारो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात. सरकारी भूगर्भ सर्वेक्षणाचे जुने भू-नकाशेही तसेच. पण माझा सगळ्यात आवडता ठेवा म्हणजे गावच्या वाचनालयातली स्थानिक इतिहासाची खोली. तिथल्या जुन्या पोस्टकार्डांवर पार्कातला बँडस्टँड कुठे होता ते दिसतं. आता तिथे नुसतं गवत आहे. माझ्या सातपैकी तीन नाणी त्या गवतातली.

जागेवर गेल्यावर जुनी, जाड खोडाची झाडं बघा. सावली तेव्हाही तिथेच पडायची. हिवाळ्यात पोरं घसरगुंडी खेळतात त्या उताराचा पायथा बघा. जुन्या पायवाटेच्या कडा, पाण्याच्या नळाभोवतीची जागा, बेसबॉलच्या जुन्या बाकांची मागची बाजू.

इथे दोन सापळे आहेत. एक, बाहेरून ट्रकने आणून टाकलेली माती. पार्क शंभर वर्षांचा असला तरी वरचा फूटभर थर दहा वर्षांपूर्वीचा असेल, तर १९४० सालचं नाणं यंत्राच्या आवाक्याबाहेर गेलं. सलग तासभर फक्त नवी चिल्लर निघत असेल तर हाच संशय घ्या. दुसरा, पूर. मार्च १९१३ मध्ये ग्रेट मायामी नदीच्या पुराने डेटन बुडालं होतं. नदीकाठच्या सखल पार्कात गाळ बसलेला असतो, त्यामुळे जुनं हवं तर मी थोडी उंचावरची जागा निवडते.

३. यंत्र आणि बाकीचं सामान

यंत्राच्या टोकाला जी थाळी असते तिला कॉइल म्हणतात. ती जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. खाली धातू असला की त्यात भोवरी प्रवाह तयार होतात, त्यांचं स्वतःचं बारीकसं क्षेत्र उठतं, आणि ते कॉइल पकडते. धातू वीज किती चांगली वाहून नेतो आणि तुकडा केवढा आहे, यावरून यंत्र एक आकडा दाखवतं. एवढंच. यंत्राला नाणं म्हणजे काय ते कळत नाही. त्याला चांदी आणि ॲल्युमिनियमही नावाने ओळखता येत नाहीत. हे नीट समजून घेतलंत तर पुढचा पुष्कळ वैताग वाचेल.

पहिल्या यंत्रासाठी दोनशे ते साडेतीनशे डॉलरच्या वर जाऊ नका. गॅरेट एस, नोक्टा सिम्प्लेक्स, मायनलॅब व्हँक्विश या मालिकांतलं कुठलंही चालेल. माझं आता मायनलॅबचं इक्विनॉक्स आहे, पण ते दुसऱ्या वर्षी घेतलं आणि तेही कोणाचं तरी वापरलेलं. साठ डॉलरचं खेळण्यातलं यंत्र मात्र घेऊ नका, त्याने हौस फिटण्याऐवजी मरते.

बाकी यादी:
- पिनपॉइंटर: गाजराएवढी कांडी, खड्ड्यात घालून नाणं नेमकं कुठे ते सांगणारी. ही नसेल तर खड्डा तिप्पट मोठा होतो
- अरुंद पात्याचं, एका बाजूने करवतीसारखे दाते असलेलं खणायचं हत्यार
- हेडफोन
- हातमोजे
- माती ठेवायला जुनं फडकं किंवा ताट
- दोन खिशांची कंबरपिशवी: एक मालाला, एक कचऱ्याला
- पाण्याची बाटली, एक तुमच्यासाठी आणि एक गवतासाठी
- गुडघ्याखाली घ्यायला गादी

हत्याराबद्दल एक. माझ्याकडे साताऱ्याहून आणलेलं खुरपं होतं. म्हटलं, याच्यासारखं दुसरं काय असणार! भांगलायला खुरपं उत्तमच, पण त्याचं वाकडं, रुंद पातं गवताची गादी ओरबाडून काढतं, सरळ कापत नाही. शेवटी ते कुंड्यांनाच गेलं.

मोठी फावडी नकोत. लांब दांड्याचं फावडं दिसलं की पार्कवाल्यांच्या कपाळावर आठी पडते.

४. घरी सराव

अंगण असेल तर अंगणात, नसेल तर गॅलरीत लाकडी फळीवर. लोखंडी खुर्ची-टेबल जवळ नको. एक पेनी, एक निकेल (पाच सेंटचं नाणं), एक डाईम, एक क्वार्टर, एक टॅब, एक बूच आणि चॉकलेटच्या चांदीचा चुरगळा असं रांगेत मांडा आणि कॉइल वरून फिरवत ऐका.

माझ्या इक्विनॉक्सवर निकेल १२–१३ दाखवतं. जस्ताची नवी पेनी २० च्या आसपास. तांब्याची जुनी पेनी आणि डाईम २४ ते २७. क्वार्टर ३० च्या जवळ. तुमच्या यंत्राचे आकडे वेगळे असतील, म्हणून कागदावर स्वतःचे लिहून काढा.

आणि आता टॅब. तो ११ पासून १७ पर्यंत कुठेही वाजतो, म्हणजे निकेलच्या डोक्यावर बसून. सोन्याची अंगठीही बहुतेक वेळा त्याच पट्ट्यात वाजते. "टॅब नको" म्हणून तो पट्टा बंद केलात तर निकेल आणि अंगठीही बंद झाली.

या टॅबची गंमत अशी, की तो आमच्याच गावचा. डब्याला जोडलेला, ओढून काढायचा टॅब डेटनच्या अर्मल फ्रेझ यांनी शोधला, १९६३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. सहलीला गेल्यावर डबा उघडायला ओपनर नव्हता, तिथून म्हणे ही कल्पना सुचली. मग दहा-बारा वर्षं सगळ्या अमेरिकेने टॅब ओढून गवतात टाकले. १९७५ पासून डब्यालाच चिकटून राहणारे टॅब आले तेव्हा कुठे हे थांबलं. गुडघ्यावर बसून चाळिसावा टॅब काढताना मी या गृहस्थांचं नाव जरूर घेते.

५. मैदानावर चालणं

कॉइल जमिनीला समांतर आणि जमिनीपासून बोटभर वर. नवशिके घड्याळाच्या लंबकासारखे हात फिरवतात, त्यामुळे दोन्ही टोकांना कॉइल उचलली जाते आणि तिथलं सगळं सुटतं. सारवताना कसा एक फेर दुसऱ्यावर थोडा चढवत नेतो, तसं इथेही. हळू. मी पहिल्या महिन्यात अख्खा पार्क तासात उरकायचे. आता दोन तासांत व्हॉलीबॉलच्या मैदानाएवढी जागा होते.

संवेदनशीलता एकदम टोकाला नेऊ नका. यंत्र बडबडायला लागलं की वरची वीजतार किंवा तुमच्या खिशातला मोबाइल बघा. मोबाइल विमान मोडवर टाका नाहीतर पिशवीत दूर ठेवा.

आवाज आला की लगेच गुडघे टेकू नका. नव्वद अंशांत वळा आणि त्याच जागेवर दुसऱ्या बाजूने कॉइल फिरवा. दोन्हीकडून तोच आकडा, तोच गोल, स्वच्छ सूर आला तर खणा. एकीकडून सुरेल आणि दुसरीकडून खरखर आली, तर बहुधा वाकडा खिळा. गंजलं लोखंड मधूनच चांदीसारखं बोलतं. बोलू द्या. दहा खिळे काढले की कानाला कळायला लागतं.

पाऊस पडून एक-दोन दिवस झाले की निघा. ओल्या मातीत खोलवरचे आवाज जास्त स्पष्ट येतात आणि गवतही सहज कापलं जातं.

६. खड्डा: सगळा कस इथे

आधी माझी फजिती ऐका. दुसऱ्या वर्षीच्या जुलैत सासूबाई आल्या होत्या. मी त्यांना पार्कात घेऊन जायचे, त्या उतारावरच्या बाकावर बसायच्या, मी खाली यंत्र फिरवायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला वर बोलावून म्हणाल्या, "अगं, तुझे खड्डे इथून मोजता येतात. अकरा आहेत."

खाली बघितलं तर हिरव्या गवतावर अकरा पिवळे ठिपके. मी प्रत्येक खड्डा नीट बुजवला होता, वरून पायाने दाबला होता, माझ्या मते काहीच दिसत नव्हतं. त्यांच्या मते मात्र माझं डोकंच ठिकाणावर नव्हतं. "मुळं चारी बाजूंनी तोडलीस, आणि वर जुलैचं ऊन. हराळीसुद्धा जगणार नाही, हे तर नाजूक गवत." त्याच आठवड्यात पार्कच्या माणसाने मला थांबवलं. परवानगी होती म्हणून हाकललं नाही, पण बोलला बरंच, आणि त्याचं काहीही चूक नव्हतं. उन्हाळा संपेपर्यंत मी त्या पार्काकडे फिरकले नाही.

त्यानंतर मी असा खड्डा करते:

पिनपॉइंटरने वरूनच जागा पक्की करते. पिनपॉइंटर गवतावरच वाजला तर वस्तू वरवर आहे, गवत फाकवून बोटाने किंवा बोथट स्क्रूड्रायव्हरने निघते, कापायची गरजच नाही.

खोल असेल तर घोड्याच्या नालेच्या आकारात तीन बाजू कापते. चौथी बाजू तशीच, बिजागरीसारखी. रुंदी हाताच्या पंज्याएवढी, खोली चार ते पाच इंच. उथळ कापलंत तर मुळं तुटतात आणि गादी सुकते. जाड ढेप निघाली तर मुळं मातीसकट राहतात.

ढेप दाराच्या झडपेसारखी उलटी करते. आधी ढेपेत पिनपॉइंटर, मग खड्ड्यात. सुटी माती फडक्यावर, गवतावर एक कणही नाही. वस्तू निघाल्यावर पुन्हा एकदा खड्ड्यात यंत्र फिरवते, कारण खिशातून पडतात तेव्हा नाणी कधी कधी दोन-तीन एकदम पडतात.

मग फडक्यावरची माती आत, अर्धी बाटली पाणी आत, आणि वरून ढेप. हे पाणी सासूबाईंचं. रोप लावताना आळ्यात आधी पाणी घालतो, तसंच. तळव्याने दाबायचं, बुटाने थयथय नाचायचं नाही. शेवटी बोटांनी गवताची पाती उभी करायची.

आणि कडक उन्हाळ्यात, जमिनीला भेगा पडल्या असतील, तर हिरवळीत खणायचंच नाही. झोपाळ्यांखालचा लाकडाचा भुसा, व्हॉलीबॉलची वाळू, तिथे जा. तिथे जुनं मिळत नाही, चिल्लर मिळते, पण पोरांचा आइस्क्रीमचा खर्च निघतो.

खणताना जमिनीत वायर किंवा प्लास्टिकची नळी दिसली तर तिथेच थांबा. पार्कातल्या दिव्यांच्या आणि पाण्याच्या फवाऱ्यांच्या लाइनी फार खोल नसतात. तोफगोळ्यासारखं किंवा बॉम्बसारखं काही दिसलं तर हात न लावता दूर व्हा आणि ९११ ला फोन करा. मोज्याशिवाय खड्ड्यात बोट घालू नका, काच असते आणि कधी कधी सुयाही.

७. हाती आलं ते काय आहे?

माझी पहिली चांदी बँडस्टँडच्या गवतात, साधारण सहा इंचांवर निघाली. एप्रिल होता, माती काळी आणि ओली. ढेप उलटली तर खालच्या मातीत एक पांढरी रेघ, नखाएवढी. आधी वाटलं चॉकलेटची चांदीच. अंगठ्याने माती सारली तर रेघेला बारीक दाते होते. ऐंशी वर्षं चिखलात राहून ते नाणं काल पडल्यासारखं पांढरं. पंखांची टोपी घातलेली बाई आणि खाली १९४४. मी ते तळहातावर ठेवून बाकापर्यंत गेले आणि यंत्र तिथेच गवतात विसरले.

चांदी मातीतून अशीच पांढरी निघते. निकेल लालसर-तपकिरी होतं. तांबं हिरवं किंवा चॉकलेटी. जस्ताची पेनी कडेने कुरतडल्यासारखी, खायचा चुना लावल्यासारखी पांढुरकी.

ओळखायच्या खुणा थोडक्यात. डाईम किंवा क्वार्टरची कड बघा: मध्ये तांबूस पट्टा असेल तर १९६५ नंतरचं, सगळी कड रुपेरी असेल तर चांदी. चांदीचा डाईम अडीच ग्रॅम भरतो, नंतरचा २.२७. पंखांच्या टोपीच्या बाईला सगळे मर्क्युरी म्हणतात. प्रत्यक्षात ती स्वातंत्र्यदेवता आहे, १९१६ ते १९४५ च्या डाईमवरची. मागे गव्हाच्या दोन लोंब्या असलेली पेनी १९०९ ते १९५८ मधली, आणि डोक्यावर पिसांचा मुकुट असलेली त्याच्याही आधीची, १८५९ ते १९०९. १९४३ ची पेनी युद्धामुळे पोलादाची केली होती, ती बहुतेक गंजाचा गोळा होऊन निघते. युद्धकाळातल्या निकेलमध्ये ३५ टक्के चांदी घातली होती. मागच्या बाजूला घुमटाच्या इमारतीच्या वर मोठं अक्षर असेल तर ते निकेल बाजूला ठेवा.

नाणं जागेवर घासू नका. बोटाने घासलं तरी मातीतले वाळूचे कण पॉलिशपेपरसारखे ओरखडे काढतात. घरी आणून साध्या पाण्यात भिजवा आणि धुऊन काढा, बस. चिंच, लिंबू, पितांबरी या तिन्हींचा मोह मला झाला होता. एका लोंबीवाल्या पेनीला मी चिंच लावलीसुद्धा. ती इतकी लख्ख गुलाबी झाली की नाण्यांच्या दुकानदाराने फक्त मान हलवली.

अंगठी, नाव कोरलेलं लॉकेट असं काही मिळालं तर ते आपलं नाही. पार्क विभागाला किंवा पोलिसांना कळवा. शाळेच्या अंगठ्यांवर साल आणि आद्याक्षरं असतात, मालक सापडतोही.

तारीख, जागा, खोली आणि काय मिळालं याची वही ठेवा. दोन महिन्यांनी वही उघडलीत की पार्कातल्या जुन्या वर्दळीच्या वाटा आपोआप दिसायला लागतात.

८. "यंत्र भारतात नेऊ का?"

हा प्रश्न मला दर गणपतीला विचारला जातो. नका नेऊ.

मोह मला कळतो. सासूबाईंच्या लहानपणी नदीपलीकडच्या शेतात पहिला मोठा पाऊस झाला की मातीतून शिवराई वर यायची. त्यांच्या वडिलांनी उचललेली एक अजून देवघरात आहे, एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसरीकडे "छत्रपति". मी यंत्र फिरवते ते बघून त्यांना पहिल्यांदा तीच आठवली.

पण तिथला कायदा वेगळा आहे. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कुठलीही वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, न कळवल्यास वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गडकिल्ले आणि संरक्षित स्थळांवर तर खणायचा विचारही नको. आणि घरातली शिवराई आठवण म्हणून पाकिटात घालून इकडे आणणाऱ्यांनो, १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेणं हाच गुन्हा आहे. आमची देवघरातच आहे आणि तिथेच राहील.

९. हंगाम

ओहायोत मार्चअखेर ते जूनची सुरुवात, आणि मग सप्टेंबर ते थँक्सगिव्हिंग. डिसेंबरात जमीन दगडासारखी होते. तेव्हा यंत्र पुसून ठेवा. कॉइलचं प्लास्टिकचं झाकण काढलंत तर आत वर्षभराची मूठभर माती साचलेली दिसेल, ती झटका, नाहीतर यंत्र उगाच वाजतं. पिनपॉइंटरमधली बॅटरी काढून ठेवा. मी पहिल्या हिवाळ्यात विसरले, ती आत फुटली आणि नवा घ्यावा लागला. टॅबचं घमेलं मात्र भंगारवाल्याकडे न्या, ॲल्युमिनियमचे पैसे येतात. माझे पावणेदोन डॉलर आले.